थर्मल पेस्ट: कोणती घ्यायची, कशी लावायची आणि आधी कोणती वजाबाकी करायची

एप्रिल उजाडला की मला येणारे मेसेज ठरलेले असतात. "दादा, पीसी ९० च्या वर जातोय, कुठली पेस्ट घेऊ?" मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे दोन्हीकडची पोरं हक्काने विचारतात. पण पेस्ट कुठली हा प्रश्न नंतरचा. ती बदलायची गरज आहे का, हे आधी बघायचं.

पेस्ट नेमकं काय करते?

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ, दोन्ही दिसायला गुळगुळीत असतात. पण बारकाईने पाहिलं तर दोन्हींवर खाचखळगे असतात आणि त्यात हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तर तांब्याची ४०० च्या आसपास. चांगल्या पेस्टच्या पाकिटावर साधारण ४ ते १२ असा आकडा असतो.

म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण तांब्याच्या जवळपासही नाही. भिंतीला पुट्टी लावतात तसंच हे काम आहे. खळगे भरायचे, जाड थर द्यायचा नाही. थर जाड झाला तर तोच उष्णतेच्या वाटेत आडवा येतो.

आधी वजाबाकी करा

यूट्यूबवरचा माणूस २० अंशांच्या खोलीत बसून "माझा प्रोसेसर ६६ वर आहे" म्हणतो. सांगलीत मे महिन्यात दुपारी खोलीच ३८ अंश असते. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तोच पीसी, तोच कूलर इथे ८४ च्या आसपास दाखवणार. त्यात बिघाड काहीच नाही, कारण फरक दोन्हीकडे ४६ चाच आहे.

म्हणून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आणि भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो. दरवेळी तोच गेम किंवा तेच रेंडरिंग १५ मिनिटं चालवा आणि मग आकडा लिहा.

माझा मामेभाऊ सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ऐन लग्नसराईत त्याचा पीसी रेंडरिंग करताना मंद पडायचा, कधी बंदच व्हायचा. एका दुकानात त्याला प्रोसेसरच बदलायला सांगितलं. हातात तीन ऑर्डर, आणि खिशात तेवढे पैसे नाहीत. थंडीत खोली २२ असताना त्याचा पीसी ७० दाखवायचा, म्हणजे फरक ४८. आता खोली ३८ आणि प्रोसेसर ९८, म्हणजे फरक ६०. यातली १६ अंशांची वाढ उन्हाळ्याची. उरलेले १२ अंश मात्र पीसीचेच होते, आणि ते कमी करता येण्यासारखे होते.

उघडलं तर कूलरच्या पात्यांत धुळीचा जाड थर आणि पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. आपल्याकडे रस्त्याची धूळ असतेच, त्यात शेतात पाचट पेटवलं की राखही घरात येते. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यावर फरक परत ४९ वर आला. ऑर्डर वेळेत गेल्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील असेच बनवले आहेत. तिथे तापमानाऐवजी क्लॉक स्पीड पडतोय का ते बघा.

कोणती घ्यायची?

- इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं पांढरं हीटसिंक कंपाउंड: जुन्या, कमी तापणाऱ्या ऑफिस पीसीला चालून जातं.
- आर्क्टिक एमएक्स-४, नॉक्टुआ एनटी-एच१ अशा वीज न वाहणाऱ्या पेस्ट: बहुतेकांनी याच घ्याव्यात. दोन चांगल्या पेस्टमध्ये फरक बहुधा दोन-चार अंशांचाच पडतो.
- लिक्विड मेटल: नवख्यांनी हात लावू नये. ते वीज वाहून नेतं, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा तळ खाऊन टाकतं.
- टूथपेस्ट: अजिबात नको. त्यातलं पाणी उडून गेलं की उरतो फक्त चुरा.

कशी बदलायची?

१. पीसी दहा मिनिटं चालवा म्हणजे जुनी पेस्ट मऊ होईल. मग बंद करून वायर काढा.

२. कूलर सरळ वर ओढू नका. आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. एएम४ सॉकेटमध्ये तर कूलरला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो आणि पिना वाकतात.

३. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे "आयपीए" मागितलं तरी मिळतं. ते पेट घेतं, त्यामुळे जवळ उदबत्ती किंवा गॅस नको.

४. कूलरची धूळ काढा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा.

५. मधोमध मटारापेक्षा जरा लहान ठिपका ठेवा. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते.

६. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पिना असतात. चारही "टक्" आवाज करून बसल्यात ना, ते बघा. एक जरी सुटी राहिली तर महागातली पेस्टही काही करू शकत नाही.

लॅपटॉपचं गणित वेगळं. तिथे चिप उघडी असते आणि बाजूच्या मेमरीवर थर्मल पॅड असतात. पॅडच्या जागी पेस्ट भरू नका, तेवढी फट पेस्टने भरत नाही. मोबाईल तर उघडूच नका. तापला की कव्हर काढा, चार्जिंग थांबवा. फ्रीजमध्ये ठेवलात तर आत दव धरतं.

नवी पेस्ट लावून झाली की वजाबाकीचा आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटच्या आत लावा. पुढच्या उन्हाळ्यात तो आकडा तेवढाच असेल, तर पेस्टचे पैसे खिशातच ठेवा. आठ-दहाने वाढला असेल तर आधी धूळ काढा, तरी कमी झाला नाही तरच पेस्टची ट्यूब बाहेर काढा.