जलाशयप्रेरित भूकंप
जलाशयप्रेरित भूकंप : मोठ्या धरणामागे पाणी साठविल्यानंतर जलाशयाखाली किंवा त्याच्या लगतच्या प्रदेशात होणाऱ्या व पाणीसाठ्याशी संबंध दाखविणाऱ्या भूकंपांस ही संज्ञा लावतात. असे भूकंप जलाशयामुळे ‘निर्माण’ होतात, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. भूकंपात मुक्त होणारी ऊर्जा कवचातील हालचालींमुळे खडकांत आधीच साचलेली असते. जलाशय ती मुक्त होण्यास निमित्त ठरतो. जगातील बहुसंख्य मोठे जलाशय भरूनही भूकंप झालेले नाहीत, याचे कारण हेच होय.

अमेरिकेतील हूव्हर धरणाचा मीड जलाशय भरू लागल्यावर १९३५ नंतर त्या परिसरात धक्के जाणवू लागले. या दोन गोष्टींचा संबंध डी. एस्. कार्डर यांनी १९४५ मध्ये दाखवून दिला. त्यानंतर चीनमधील शिनफेंगजिआंग (१९६२), झँबिया-झिंबाब्वे सीमेवरील करिबा (१९६३), ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) व महाराष्ट्रातील कोयना (१९६७) या जलाशयांच्या परिसरात ६ हून अधिक परिमाणाचे भूकंप झाले. त्यांपैकी कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा होय.

कारणमीमांसा : पाण्याच्या भाराने जमीन दबते व म्हणून भूकंप होतो, असा सर्वसाधारण समज आहे. १०० मी. खोल पाण्याचा दाब सु. १० वातावरण इतका भरतो. उलट ५ किमी. खोलीवर वरच्या खडकांचाच दाब सु. १,३०० वातावरण असतो. त्या मानाने पाण्याचा भार किरकोळ आहे. अधिक महत्त्वाचा परिणाम खडकांतील भेगा व रंध्रे यांत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाचा होतो. विभंगाच्या दोन बाजू त्यांवरील दाबामुळे घट्ट भिडलेल्या असतात व त्यांमधील घर्षण त्यांना सरकू देत नाही. भेगांतील पाणी या बाजूंना आतून रेटते. त्यामुळे परिणामी दाब व त्याबरोबर घर्षणरोधही घटतो. विभंग आधीच सरकण्याच्या बेतात असेल, तर एवढी घटही पुरेशी होते. रंध्रदाब खोलवर पोहोचण्यास वेळ लागत असल्याने जलाशय भरल्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही भूकंप होतात.

या उपपत्तीस पुष्टी मिळाली ती धरणांशी संबंध नसलेल्या ठिकाणी. डेन्व्हरजवळ रासायनिक शस्त्रनिर्मितीतील सांडपाणी १९६२ पासून सु. ३.७ किमी. खोल विहिरीत दाबाने सोडले जाई. त्यानंतर तेथे भूकंप सुरू झाले आणि १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबविल्यावरही काही काळ होत राहिले. पुढे कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात रंध्रदाब मुद्दाम वाढवून व कमी करून पाहिला असता भूकंपांची संख्याही त्यानुसार वाढली व घटली.

कोयना : कोयना नदीवरील १०३ मी. उंचीच्या धरणामागील शिवाजीसागर जलाशयात १९६२ मध्ये पाणी साठण्यास सुरुवात झाली व लवकरच लहान धक्के जाणवू लागले. तोपर्यंत भारतीय द्वीपकल्प हा भूकंपदृष्ट्या स्थिर प्रदेश मानला जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरणाचा आराखडा गुरुत्व प्रवेगाच्या ०.०५ पट आडवे बल गृहीत धरून केलेला होता. प्रत्यक्षात त्याच्या अनेक पटींनी अधिक प्रवेगाची नोंद धरणातीलच उपकरणावर झाली. उंच खंडांत, जेथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीस, आडव्या भेगा पडल्या. धरण फुटले नाही, ही मोठीच सुदैवाची गोष्ट. नंतर त्यास आधारभिंती देऊन मजबुती आणण्यात आली. भूकंपप्रवणतेच्या १९७० च्या सुधारित नकाशात हा भाग चौथ्या पट्ट्यात घालण्यात आला.

हा भूकंप केवळ भूरचनात्मक असून जलाशयाशी त्याचा संबंध नाही, असे मत प्रारंभी अनेकांनी मांडले. परंतु भूकंपांचे प्रमाण पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर वाढते, हे अनेक वर्षांच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. पाणी चढण्याचा वेग, पूर्वीच्या सर्वोच्च पातळीचे उल्लंघन व उच्च पातळी टिकून राहण्याचा काळ हे घटक त्यात महत्त्वाचे असल्याचे हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. दक्षिणेकडील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर १९९३ च्या सुमारास त्या बाजूसही भूकंप वाढले. सु. २० × ३० किमी. एवढ्या लहान क्षेत्रातच आतापर्यंत ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून जास्त भूकंप झाले असून ते बहुतेक १० किमी. पेक्षा कमी खोलीवरचे आहेत. आसपास दुसरे सक्रिय क्षेत्र नसल्याने अभ्यासास अशी सोयीची जागा क्वचितच मिळते. खोऱ्यातील रहिवाशांना मात्र ही सोय महागात पडली आहे.

याच कारणाने भूकंपांच्या उगमाजवळ उपकरणे नेण्याच्या उद्देशाने गोठणे येथे सु. ३ किमी. खोलीचे प्रायोगिक वेधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण करण्यात आले. त्यात दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाची जाडी सु. १.२५ किमी. आढळली. त्याखाली गाळाचे खडक नसून एकदम ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागतात. भूकंपांचा उगम या प्राचीन खडकांतच आहे.