केसांचा झाडू होऊ नये म्हणून…

परीक्षा संपल्या की पूलच्या बॅचेस फुल्ल! पण ‘केस खराब होतात’ म्हणून अर्ध्यात पोहणं सोडणाऱ्याही कमी नसतात. त्याऐवजी दहा मिनिटांची सवय लावून घेतली तर?

माझी पोहण्याची बॅच सकाळी सातची आणि पहिलं लेक्चर साडेनऊचं. मधल्या वेळात पूलवरून हॉस्टेल, तिथून कॉलेज. केस धुवायला वेळ कुठला? ओले केस तसेच वर गुंडाळायचे, क्लच लावायचा आणि पळायचं. तिसऱ्या आठवड्यात कंगवा केसांत अडकला तो निघेचना. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली, “अगं, हा काय झाडू झालाय! बास झालं ते पोहणं.”

खरं सांगू? मी सोडणारच होते. नुकतं कुठे फ्लोट न घेता अर्धा पूल पार व्हायला लागला होता, तरीही. मग बॅचच्या कोच ताईंनी एकच प्रश्न विचारला, “पाण्यात उतरताना केस कोरडे असतात की ओले?” कोरडेच की! कॅप घालायची म्हणजे केस कोरडेच हवेत, असा माझा समज. तिथेच चूक होत होती.

पाण्यात होतं काय?

पूलच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरिन घालतात, लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम. ते हवंच, नाहीतर एवढ्या लोकांनी एका पाण्यात उतरायचं कसं? पण हेच क्लोरिन केसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकतं. केसाचा बाहेरचा थर कौलांसारखा असतो, एकावर एक बसलेले बारीक खवले. तेल गेलं, खवले झिजले की केस खरखरीत होतात, एकमेकांत अडकतात आणि तुटतात. स्ट्रेटनिंग, ब्लीच किंवा हायलाइट्स केले असतील तर हे खवले आधीच उघडे असतात, त्यामुळे त्रास दुप्पट.

‘आपले केस काळे, आपल्याला काय होतंय?’ असं म्हणू नका. २००० साली जपानमधल्या अव्वल जलतरणपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या काळ्या केसांचा रंग बदललेला होता. पाण्याच्या घर्षणाने वरचा थर झिजतो आणि क्लोरिन आतल्या रंगद्रव्यापर्यंत पोहोचतं, असं कारण त्यात दिलं होतं. अर्थात ते रोज तासन्‌तास पोहणारे. आपली पंचेचाळीस मिनिटांची बॅच, म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि सोनेरी हायलाइट्सवर येणारी हिरवट झाक? तिचा दोष क्लोरिनच्या माथी मारतात, पण खरा गुन्हेगार तांबं. शेवाळ धरू नये म्हणून काही ठिकाणी पाण्यात मोरचूद टाकतात. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणातलं तेच ते! त्यातलं तांबं केसाला चिकटतं.

उतरण्याआधी

कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषून घेतो. मग ते पूलचं कशाला? आधी शॉवरखाली केस पूर्ण भिजवा. साध्या पाण्याने पोट भरलेला केस क्लोरिनचं पाणी कमी पितो. शॉवरचा आणखी एक फायदा आहे. पूलवर डोळे चुरचुरवणारा जो वास येतो, तो नुसत्या क्लोरिनचा नसतो. आपला घाम आणि (हो, हो) लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की तो वास तयार होतो. सगळ्यांनी आंघोळ करून उतरायचं ठरवलं तर पाणी सगळ्यांसाठीच बरं राहील.

मग ओल्या केसांच्या टोकांना थोडं कंडिशनर किंवा खोबरेल तेल चोळा. थोडं म्हणजे चार-पाच थेंब. तेल थबथबून उतरलात तर पाण्यावर तवंग येईल आणि लाइफगार्ड शिट्टी वाजवेल ते वेगळंच. लांब केसांची सैल वेणी घाला आणि वर सिलिकॉनची कॅप. कापडी कॅपमधून पाणी सरळ आत जातं. सिलिकॉनची कॅपही केस शंभर टक्के कोरडे ठेवत नाही, पण पाण्याचा मारा आणि घर्षण नक्की वाचवते.

बाहेर आल्यावर

पहिली दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. कपडे बदलण्याआधी साध्या पाण्याने केस खळखळून धुवा. शाम्पूला वेळ नसेल तर निदान एवढं तरी कराच. क्लोरिन केसांत वाळू द्यायचं नाही, हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. आठवड्यातून एकदा ‘स्विमर्स शाम्पू’ वापरा, तो चिकटलेलं तांबं काढतो. रोज मात्र नको, त्याने केस कोरडे पडतात. बाकी दिवशी सौम्य शाम्पू आणि न चुकता कंडिशनर. मग जाड दातांचा कंगवा, टोकाकडून वरच्या दिशेने. ओला केस कमजोर असतो, खसाखसा टॉवेलने पुसू नका. आणि बेकिंग सोड्याचे ‘हॅक्स’ रील्समध्येच राहू द्या, त्याने केस आणखी खरखरीत होतात.

टक्कल पडतं का?

मुलांचा हा हमखास प्रश्न. पूलच्या पाण्याने केस मधूनच तुटतात, मुळापासून सहसा जात नाहीत. कंगव्यात आलेला केस नीट बघा. टोकाला पांढरी गाठ नसेल तर तो तुटलेला आहे. गाठ असलेले केस मूठभर येत असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, उगाच पूलला शिव्या देऊ नका.

माझ्या वेळापत्रकात आता फक्त दहा मिनिटं वाढलीत. त्यासाठी पाण्यातून थोडी आधी बाहेर येते, एवढंच. केसांची टोकं दोन इंच कापावी लागली, ते ठीक. परवा पहिल्यांदा खोल बाजूला उडी मारली. संध्याकाळी आईला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, “केस धुतलेस का?” दुसरा मात्र, “किती फूट होतं गं पाणी?”