निघताना जिआओझी, आल्यावर नूडल्स

दिवाळीत एसटी स्टँडवर उसळलेली गर्दी तुम्ही पाहिलीच असेल. आता चीनमध्ये चला! तिथलं नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. विद्यापीठांना हिवाळी सुट्टी लागते आणि विद्यार्थी घराकडे धावतात. सणाआधीचे १५ आणि नंतरचे २५ अशा ४० दिवसांच्या या धांदलीला ‘छुनयुन’ म्हणतात. बीजिंग ते ग्वांगझू हा प्रवास पूर्वी वीस तासांहून जास्त चाले. २०१२ मध्ये २,२९८ किलोमीटरचा वेगवान लोहमार्ग पूर्ण झाला आणि तो आठ तासांवर आला.

एवढी धडपड कशासाठी? कित्येकांचे आईवडील दूरच्या शहरांत कारखान्यांत राबतात. सगळं घर एका ताटाभोवती बसतं ते याच दिवसांत. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळे आईच्या माहेरी जातात. म्हणजे आपलं आजोळच की!

मग परतीचा दिवस उजाडतो. उत्तर चीनमध्ये निघणाऱ्याला सारण भरलेली, करंजीसारखी दिसणारी ‘जिआओझी’ उकडून खाऊ घालतात. घरी येणाऱ्याला नूडल्स. आपल्याकडे निघताना हातावर दही ठेवतात ना, तस्संच! जिआओझी खाऊन मुलं वसतिगृहाची वाट धरतात. नूडल्स मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत थांबतात.