कुलूप नसलेला संगणक

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आता ओळखपत्राशिवाय पान हलत नाही. रोड नंबर 22 वरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दारातच कागद तपासतात, आयटी कंपन्यांचे काचेचे दरवाजे गळ्यातलं कार्ड टेकवल्याखेरीज उघडत नाहीत. तिथून जवळच आमच्या गाळ्यात माझा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक आहे. तो कुणालाच नाव-गाव विचारत नाही.

सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये 1982 साली आला, चांगल्या कीबोर्डचा 'प्लस' 1984 मध्ये. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 पासून तो परवाना घेऊन भारतात विकला. 48 केबी मेमरी, पडद्याच्या जागी घरातला टीव्ही, प्रोग्राम साठवायला कॅसेट. वीज दिली की सिंक्लेअर रिसर्चच्या नावाची एक ओळ उमटते आणि यंत्र हुकमाची वाट बघत बसतं. हुकूम कुणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून मग पोरं त्याच्या बेसिक भाषेत पासवर्ड लिहायची. परवलीचा शब्द विचारायचा, चुकला तर पुन्हा पहिल्या ओळीवर पाठवायचं. भावंडांवर रुबाब पडायचा, पण कुणी खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबली की 'स्टॉप इन इनपुट' असा संदेश यायचा आणि प्रोग्राम थांबायचा. पुढे 'लिस्ट' म्हटलं की परवलीचा शब्द पडद्यावर हजर! चूक झाली तर काय करायचं हे सांगायची सोय त्या बेसिकमध्येच नव्हती. मशीन कोडमध्ये उतरलात तरच बाण अडवता येई. पण तेवढी मेहनतही वायाच, कारण प्लसच्या डाव्या अंगाला रीसेटचं बटण होतं. ते दाबलं की पासवर्डसकट सगळं पुसलं जाई.

त्यापेक्षा कॅसेटचं कुलूप बरं. तिच्या मागच्या कडेच्या टिकल्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण खाली जात नाही, त्यामुळे ताईची गाणी आपल्या प्रोग्रामवर चढत नाहीत. अर्थात, त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची अक्कल ताईलाही असतेच.

आयबीएमने 1984 च्या एटी संगणकाला खरीखुरी किल्ली दिली. ती फिरवली की कीबोर्ड गप्प. पुढे एटीच्या नकला निघाल्या. त्यांतल्या कित्येक कॅबिनेटना एकसारख्याच किल्ल्या असत आणि आतली वायर उपसली तर किल्लीचीही गरज उरत नसे. मला तरी ते कुलूप शोभेचंच वाटतं.

माझ्या यंत्राला धोका चोराचा नाही, मदतीला धावणाऱ्याचा आहे. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात, पण पिनच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन. हल्लीच्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुधा याच्या उलट असतं. पिन मात्र बसते! 'सर, अडॅप्टर सापडला' म्हणत कुणी ती खुपसली की आतला ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा. मागचा विस्ताराचा कनेक्टरही उघडाच. चालू यंत्राला तिथे काही जोडलं किंवा काढलं तरी तीच गत.

तेव्हा वीज घ्यायच्या भोकात मी रबरी बूच बसवलंय, वर लाल अक्षरांत 'मध्ये ऋण' अशी चिठ्ठी. मूळ अडॅप्टर कपाटात, किल्ली माझ्याकडे. गाळ्यात येणाऱ्या पोरांना खेळायचं असेल तर मला हाक मारावी. मी अडॅप्टर आणतो, जोडतो आणि त्यांना खुशाल हवं ते टाइप करू देतो.