पुण्याची काठी, नाशिकची सावली

दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन होतात, पण मोजावा लागतो एकच. तो ५० अंशांचा असेल तर शेजारचा १३०, कारण दोघे मिळून सरळ रेषा होते. त्या १३० चा दुसरा शेजारी पुन्हा ५०. विरुद्ध कोन समान असतात हे एवढ्यावर सिद्ध झाले. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मधल्या पहिल्या भागातले हे पंधरावे प्रमेय. डोळ्यांना दिसतेच की, मग सिद्ध कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण डोळा पोचत नाही तिथेही प्रमेय पोचते. पृथ्वीचे केंद्र ही तशी जागा.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने तिथला कोन मोजला. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी दक्षिणेच्या सायीनी गावात सूर्य थेट डोक्यावर येई. अलेक्झांड्रियात त्याच वेळी तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. सूर्य इतका लांब, की त्याचे किरण समांतर मानता येतात. उभ्या काठीची रेषा मनाने केंद्रापर्यंत नेली की ती त्यांची छेदिका होते. व्युत्क्रम कोन समान. म्हणून वर सावलीने दाखवला तोच कोन खाली केंद्राशी. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने ५० ने गुणले आणि पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया काढला.

हा प्रयोग आपल्याला घरबसल्या जमतो. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि नाशिक पुण्याच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. त्या दुपारी पुण्यात काठीची सावली नाहीशी झाली, की नाशिकमध्ये एक मीटर उंचीच्या काठीची सावली साधारण २.६ सेंटिमीटर पडते, म्हणजे कोन दीड अंश. सरळ अंतर सुमारे १६५ किलोमीटर. दीड अंशाला १६५, तर ३६० अंशांना ३९,६००. खरा परीघ ४०,००० च्या आसपास आहे.

शाळांना तेव्हा सुट्टीच असते. पुण्याच्या मुलांनी नाशिकच्या मामेभावाला आधीच फोन करून ठेवावा. सूर्यबिंब स्वतःच अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड पुसट दिसते. खूण त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध करावी. आणि काठी गवंड्याच्या ओळंब्यानेच उभी करावी. नाशिकची काठी उत्तरेकडे एक अंश जरी कलली, तरी पृथ्वीचा परीघ २४ हजार किलोमीटरच भरेल.