‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूट’: नाकारणे वेगळे, खोडून काढणे वेगळे

इंग्रजी बातमीत नेत्याने आरोप ‘रिफ्यूट’ केल्याचे वाक्य येते आणि मराठीत ‘आरोपांचे खंडन’ असा मथळा लागतो. प्रत्यक्षात नेत्याने पत्रकारांना एवढेच सांगितलेले असते, की यात तथ्य नाही. कागद दाखवलेला नसतो, हिशेब मांडलेला नसतो. म्हणजे त्याने आरोप ‘डिनाय’ केलेले असतात.

‘डिनाय’ म्हणजे अमुक गोष्ट खरी नाही असे म्हणणे. त्याला पुरावा लागत नाही आणि ते म्हणणे खरे की खोटे, याविषयी हे क्रियापद मौन पाळते. ‘रिफ्यूट’चे मूळ लॅटिन, परतवून लावणे हा तेथील अर्थ. इंग्रजीत त्याचा प्रस्थापित अर्थ पुराव्याने वा युक्तिवादाने चूक ठरवणे असा आहे. गॅलिलिओने १६१० च्या अखेरीस दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र सदैव पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्येच राहतो. त्याचे बिंब जवळजवळ पूर्ण उजळलेले दिसणे तीत शक्यच नव्हते. ते तसे दिसले आणि ती मांडणी ‘रिफ्यूट’ झाली.

आता दुसरे उदाहरण. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २६ जानेवारी १९९८ रोजी मोनिका लुइन्स्की यांच्याशी संबंध असल्याचे जाहीरपणे नाकारले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला अनुचित संबंधांची कबुली दिली. जानेवारीत ‘डिनाय’ लिहिणाऱ्याचे वाक्य आजही अचूक आहे. ‘रिफ्यूट’ लिहिणाऱ्याने मात्र स्वतःच निवाडा देऊन टाकला, तोही चुकीचा.

इंग्रजीतही ‘रिफ्यूट’ नुसत्या नकारासाठी वापरण्याचा प्रघात वाढला आहे आणि कोशांनी त्याची नोंद घेतली आहे, काहींनी आक्षेपासह. पण कोशात शिरलेला प्रत्येक अर्थ बातमीत घेतलाच पाहिजे असे नाही.

आपल्याकडे तर ‘खंडन’ हा शास्त्रार्थातला भारदस्त शब्द. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथाच्या नावातच तो आहे. पूर्वपक्ष नीट मांडायचा आणि मग तर्काने मोडायचा, ही त्याची रीत. ‘मला मान्य नाही’ एवढेच म्हणून उठणाऱ्याने खंडन केले, असे त्या सभेत कोणी म्हटले नसते.

‘डिनाय’चा आणखी एक अर्थ आहे: मागितलेले न देणे. न्यायालय जामीन ‘डिनाय’ करते, तेव्हा पुराव्याने काही खोडले जात नाही. आपणही तेथे ‘नाकारला’ म्हणतो. ‘रिफ्यूट’ला हा अर्थ नाही.

‘आरोप फेटाळले’ हाही निर्दोष पर्याय नव्हे. याचिका फेटाळते ते न्यायालय, म्हणजे ज्याला निर्णयाचा अधिकार आहे ते. ज्याच्यावर आरोप आहे त्याने ‘इन्कार केला’ असे लिहिले, की तो नेमका जेवढे बोलला तेवढेच छापून येते.