चार थेंबांची चव आणि आईची काळजी

मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडात चार-सहा महिने राहून येणं ही आता आपल्या गावांतूनही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तिथलं स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र, कचऱ्याचे वेगवेगळे डबे हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडतं. पण मुलाच्या किंवा जावयाच्या टेबलावर बॅटरीची डबी, धातूची बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी, कापसाचं पाकीट, तारेचं रीळ आणि आंबा, पुदिना, व्हॅनिला असं लिहिलेल्या दहा-बारा इवल्याशा बाटल्या दिसल्या, की पोटात गोळा येतो. ‘‘हे काय रे?’’ म्हणून विचारावं, तर ‘‘अगं, सिगारेट सोडतोय,’’ असं उत्तर मिळतं. आता यावर रागवायचं की ‘बरं केलंस’ म्हणायचं?

दोन्हींच्या आधी ती वस्तू आहे तरी काय, हे समजून घेतलेलं बरं. कारण तिच्यात थोडा फायदा आहे, बराच धोका आहे आणि दोन्हींचं मूळ एकाच गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे चव.

निरांजन आणि कंदील

ही विजेवर चालणारी सिगारेट. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. हिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीने एक बारीक तारेचं वेटोळं तापतं, वेटोळ्यात कापसाची वात असते, वात द्रवाने भिजलेली असते आणि त्या द्रवाची वाफ होऊन ती ओढली जाते. द्रवात मुख्यतः चार गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असतं, त्याने चव उठून येते. ग्लिसरीन दाट आणि गोडसर असतं, त्याने वाफ भरपूर होते.

यात दोन तऱ्हा आहेत. कंदिलात तेल भरून ठेवावं तशी टाकी असते ती एक. दुसरीत टाकी नसते. निरांजनात थेंबथेंब तेल घालावं तसं थेट वातीवर तीन-चार थेंब टाकायचे, पाच-सहा झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब टाकायचे. हिला ड्रिपर म्हणतात. टेबलावरची ती छोटी नळी म्हणजे हाच ड्रिपर.

नव्या माणसाला ड्रिपर कशाला लागतो? चव पाहायला. लसूण वाटलेल्या भांड्यात नारळाची चटणी वाटली तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. टाकीत पुदिना भरला, की नंतरच्या आंब्यालाही पुदिन्याचा वास येतो. ड्रिपरमध्ये कापूस बदलला, नळी कोमट पाण्याने धुऊन कोरडी केली, की दुसरी चव पाहायला मोकळे. म्हणजे हा चव घेण्याचा चमचा झाला. जेवायचं ताट नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

घ्यायचाच तर कोणता?

जो माणूस खरोखर सिगारेट सोडू पाहतो आहे, त्याच्यापुरतंच हे सांगते आहे. चव पाहण्यासाठी एकच वेटोळं बसणारा, आतली जागा लहान असलेला ड्रिपर बरा. जागा लहान असली की वाफ पसरत नाही, चव स्पष्ट लागते. हवेची भोकं कमीजास्त करता यावीत आणि ती बुडापासून जरा वर असावीत, म्हणजे थेंब जास्त पडला तरी गळती लागत नाही. सगळे भाग सुटे होऊन धुता यावेत. तार गुंडाळायचा सराव नसेल, तर तयार वेटोळी विकत मिळतात. बहुतेक ड्रिपरांचा आटा ‘पाचशेदहा’ या मापाचा असतो. बॅटरीच्या डबीचा तोच आहे ना, ते पाहून घ्यावं.

सगळ्यांत महत्त्वाचं गणित तारेचं. वेटोळ्याचा रोध ओहममध्ये मोजतात. ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर १ ओहमचं वेटोळं लावलं तर ३.७ अँपिअर वीज वाहते. तेच ०.२ ओहमचं लावलं तर १८.५ अँपिअर! बॅटरीला तेवढा भार पेलला नाही तर ती तापते, प्रसंगी फुटते. म्हणून नव्या माणसाने १ ओहमच्या खाली जाऊ नये. आणि डबी इलेक्ट्रॉनिक, म्हणजे धोका दिसताच आपोआप बंद पडणारी असावी. नुसतं बटण दाबलं की थेट वीज सोडणारी डबी नवशिक्याच्या हाती देऊ नये.

एका बैठकीत दोन-तीनच चवी पाहाव्यात, मध्ये पाणी प्यावं. आठ आमट्या चाखल्यावर नववीतलं मीठ कळत नाही, तसंच इथंही होतं. ड्रिपरमधून वाफ जास्त येते, म्हणून द्रव कमी निकोटिनचं घ्यावं. ब्रिटनमध्ये निकोटिनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही आणि एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन चालत नाही. बाटली लहान असल्यामुळे न आवडलेली चव फेकून दिली तरी फार जीव जळत नाही.

करपलेली वात

तेल संपलं की निरांजनाची वात करपते आणि घरभर धूर होतो. ड्रिपरचंही तसंच आहे. वात कोरडी पडली किंवा तार फार तापली, की द्रव करपून फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात. टाकीपेक्षा ड्रिपरमध्ये हे चटकन घडतं, कारण थेंब किती उरलेत ते बाहेरून दिसत नाही. करपट चव आली की तिथंच थांबायचं.

दुसरी गोष्ट स्वादांची. खायला चालतं ते फुफ्फुसालाही चालतं, असं मुळीच नाही. मिरची आपण रोज खातो, पण फोडणीचा ठसका सोसत नाही! लोण्याचा वास देणाऱ्या डायअ‍ॅसिटिलचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातले कामगार त्याच्या वाफेने फुफ्फुसाच्या गंभीर आजाराला बळी पडले, हे २००० साली उजेडात आलं. ब्रिटनमध्ये या द्रवांत ते घालायला बंदी आहे. सगळ्याच देशांत तशी बंदी असेल असं धरून चालू नये.

तिसरी गोष्ट मुलांची. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कनेटिकट राज्यातल्या आठ शाळांत पाहणी केली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. ई-सिगारेट कधी ना कधी ओढलेल्या १,०८० विद्यार्थ्यांपैकी २६ टक्क्यांनी ड्रिपिंगही करून पाहिलं होतं. कशासाठी? बहुतेकांचं उत्तर होतं, दाट ढग निघतात म्हणून. त्याखालोखाल, चव जास्त छान लागते म्हणून. सिगारेट सोडणाऱ्याला आधार म्हणून जी चव द्यायची, तीच कधी सिगारेट न ओढलेल्या पोरांना गळ टाकते. बाटलीवर आंबा लिहिलेला असला तरी आत निकोटिनच असतं.

घरात लहान नातवंड असेल तर आणखी जपावं. निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं आणि गोड वासाची बाटली मुलाला सरबतच वाटते. बाटल्या कुलपात हव्यात. वापरलेला कापूस कागदात गुंडाळून टाकावा. द्रव हाताला लागलं तर लगेच धुवावं, आणि मुलाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी तडक दवाखाना गाठावा.

तिथला न्याय, इथला न्याय

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणते, ही वाफ सिगारेटपेक्षा खूप कमी घातक आहे, पण निर्धोक नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांनी आणि मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये. दहा लाख लोकांना सिगारेटऐवजी हे साधन देण्याची योजना इंग्लंडमध्ये २०२३ साली जाहीर झाली. आणि त्याच देशाने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या ई-सिगारेटींची विक्री बंद केली. त्या रंगीत, गोड आणि स्वस्त असल्यामुळे मुलांच्या हाती पडत होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आपल्याकडे मात्र २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं, सगळ्यालाच बंदी आहे. निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा परतताना ‘यांची सिगारेट सुटेल’ म्हणून बॅगेत ही वस्तू घालून आणू नका. घरच्या माणसाची सिगारेट, तंबाखू किंवा आपल्यापैकी कुणाची मिशरी सोडवायची असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत.

आणि तिकडच्या मुलाशी भांडण्यापेक्षा त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. सिगारेट पूर्ण सुटली, की दोन्ही चालू आहे? बाटलीवरचा निकोटिनचा आकडा महिन्यामहिन्याला उतरतो आहे का? आणि ही वाफसुद्धा कधी सोडणार आहेस? दोन्ही चालू असेल तर फायदा जवळजवळ काहीच नाही. आकडा उतरत असेल, तर मात्र त्याला धीर द्यावा. कारण व्यसन सोडणाऱ्या माणसाला घरच्यांच्या रागापेक्षा घरच्यांची विचारपूस जास्त उपयोगी पडते.